दोन रात्री पुरे

माझ्या आत्याला तळ्याचा कंटाळा किती दिवसांत येतो हे पक्कं माहीत होतं. तळं मात्र तिने पाहिलेलं नव्हतं.

ती एका पर्यटन कंपनीच्या कचेरीत बसायची. चष्म्याचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्या बेचक्यातली अरुंद जागा. दोन टेबलं, पाठीमागे फायलींचं कपाट, आणि दर्शनी काचेला आतून चिकटवलेलं तळ्याचं मोठं चित्र. बर्फाची शिखरं, काठावरचं गाव, पाण्यात एक होडी. वर्षानुवर्षं ऊन खाऊन चित्रातला लाल आणि पिवळा उडून गेला होता आणि निळा तेवढा उरला होता. गाव निळं, होडी निळी, होडीतली माणसंही गारठल्यासारखी निळी. कंपनीच्या पत्रकात त्याला 'सरोवर' म्हणत, पण बोलताना सगळे तळंच म्हणायचे.

डोंगरातल्या त्या तळ्याला जायचं म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "किती दिवस राहावं हो?"

आत्या हातातलं पेन खाली ठेवायची. "दोन रात्री पुरे. पहिल्या दिवशी तुम्ही तळ्याकडे बघता. दुसऱ्या दिवशी तळ्याभोवती फिरता. तिसऱ्या दिवशी तळं तुमच्याकडे बघायला लागतं. त्याआधी निघावं."

लोक हसायचे आणि दोन रात्रींचं आरक्षण करायचे. कोणी एकच रात्र म्हणालं तर ती रागवायची, "एक रात्र म्हणजे नुसतं तोंड दाखवून येणं झालं." कोणी आठवडा म्हणालं तर म्हणायची, "आठवडाभर एकच पाणी? माहेरी आलेली मुलगीसुद्धा पाचव्या दिवशी आईशी भांडते." एकदा एक निवृत्त न्यायाधीश बायकोसह आले. त्यांना निवांत दहा दिवस हवे होते. त्यांनी मुद्देसूद बाजू मांडली. जन्मभर दुसऱ्यांना मुदती ठोठावलेला माणूस, पण आत्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. दोन रात्री राहून आले आणि आभार मानायला पुन्हा कचेरीत आले.

या दोन रात्रींचा उगम कंपनीच्या बसमध्ये होता. सुरुवातीच्या काळात थोरल्या साहेबांची एकच बस होती आणि ती तिसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावरून परतायची, कारण खाली पुढची मंडळी बॅगा घेऊन उभी असायची. बसची अडचण होती, तिला आत्याने शहाणपणाचे कपडे घातले. पुढे बस भंगारात गेली, थोरले साहेब वारले, त्यांच्या खुर्चीत धाकटे साहेब आले. दोन रात्री मात्र होत्या तिथेच राहिल्या. रस्त्यावरचे दुकानदार आत्याला पाठीमागे 'दोन रात्री' म्हणत. "आज दोन रात्री दिसली नाही, बरं नाही का तिला?" असं चष्मेवाला विचारायचा.

आपण स्वतः गेलो आहोत असं ती कधी म्हणाली नाही. कोणी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. मोसमात तिला रजा मिळायची नाही आणि मोसम सरला की तळं गोठून गाव बंद व्हायचं, हे तिचं कारण खरंच होतं. पण मला वाटतं, तिला भीतीही वाटत असावी. इतकी माणसं जिथे पाठवली ते ठिकाण भिकार निघालं तर पुढे कोणत्या तोंडाने बोलायचं?

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, लिफ्टचे मेकॅनिक होते. उंच इमारतींच्या लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात तारा, कप्प्या आणि ग्रीस यांच्या सोबतीत त्यांचं आयुष्य गेलं. तिथे बोलायला कोणी नसतं, आणि ती सवय त्यांनी घरीही आणली. बहुतेक प्रश्नांना ते "हं" म्हणत. आत्याचा दावा असा की त्यांच्या 'हं'मध्ये हो, नाही, चहा हवा, डोकं दुखतंय असं सगळं असतं आणि तिला ते कळतं. आम्ही पोरं खात्री करायला त्यांना काहीबाही विचारायचो. आम्हाला सगळे 'हं' सारखेच वाटायचे.

आतोबा निवृत्त झाले त्याच वर्षी धाकट्या साहेबांनी कंपनीचा वाढदिवस साजरा केला आणि आत्याच्या हातात एक पाकीट ठेवलं. तळ्याकाठी दोघांची सहल. किती दिवसांची ते सांगायलाच नको.

"ताई, आता नाही म्हणू नका," साहेब म्हणाले. "तुमचंच तळं आहे."

आत्याने गिऱ्हाइकांना सांगायची तशीच बॅग भरली. एक जाड कपडा जास्तीचा, चपलांचा एक जोड कमी. बसमध्ये तिने आतोबांना उजव्या बाजूला बसवलं. "शेवटच्या वळणावर तळं एकदम समोर येतं. लोकांच्या तोंडून 'अहाहा' निघतं." हे तिला त्या लोकांकडूनच कळलं होतं.

शेवटचं वळण आलं. बस वळली. खिडकीबाहेर धुतलेली चादर वाळत घातल्यासारखं पांढरंशुभ्र धुकं होतं.

"तळं कुठंय?" आत्याने ड्रायव्हरला विचारलं.

"आहे ना, खाली," ड्रायव्हर म्हणाला. "जातंय कुठं?"

लॉजची मालकीण धिप्पाड, मोकळ्या आवाजाची बाई होती. तिने जिना चढून खोली उघडली, पडदे बाजूला सारले आणि हात पसरून म्हणाली, "ही तुमची सरोवर-दर्शनाची खोली." दर्शनाला पांढरं धुकं होतं. "कालपर्यंत अगदी लख्ख होतं बघा," तिने वर सांगितलं. जगातल्या यच्चयावत लॉजच्या मालकिणी हे वाक्य बोलतात हे आत्याला धंद्यामुळे ठाऊक होतं.

होड्या बंद होत्या. डोंगरावर जाणारा रोपवे बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या कंबर कसून उठली आणि म्हणाली, "तळ्याभोवती फिरायचा दिवस आहे, फिरायचं." दोघं काठाकाठाने चालत गेली. पाणी दगडांवर चपचप वाजत होतं. बदकं ओरडत होती. एका ठिकाणी लोखंडी पाटी होती, तिच्यावर समोरच्या शिखरांची चित्रं, नावं आणि उंची कोरलेली. आत्याने एकेका नावावर बोट ठेवून समोरच्या धुक्याकडे मान वर केली. आतोबांनीही तिच्याबरोबर मान वर केली. मग दोघं पुढे निघाली. सबंध तळ्याला वळसा घातला, आणि एक बदक तेवढं जवळून दिसलं.

दुपारी सूप-पाव खाऊन दोघं खोलीच्या गॅलरीत घोंगड्या पांघरून बसली. बघायला काहीच नव्हतं. आत्याची विणकामाची सुई चालू होती. आणि आतोबा बोलायला लागले.

आधी त्यांनी एका इमारतीतल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तो दिवसभर लिफ्टमधून वर-खाली करायचा, घरात बोलायला कोणी नाही म्हणून. आतोबा लिफ्ट मुद्दाम सावकाश दुरुस्त करायचे, म्हणजे त्याला जिन्यात बसून यांच्याशी बोलता यायचं. मग एका बाईंच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या मांजराची सांगितली. आत्या सुई थांबवून ऐकत राहिली. इतक्या वर्षांत यातलं एक अक्षर तिच्या कानावर आलं नव्हतं.

"आणि इथल्या रोपवेवर मला बोलावलं होतं," आतोबा त्याच सुरात म्हणाले.

"इथल्या?"

"नवीन बसवत होते तेव्हा. तारांचं काम येणारा माणूस हवा होता. राहायला जागा देणार होते. आपली लेक तेव्हा रांगत होती."

"मला सांगितलं नाहीत ते?"

"सांगायला आलो होतो तुझ्या कचेरीत. दुपारची वेळ होती. तुझ्यापुढे गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून दारात थांबलो. तू त्यांना सांगत होतीस, बघण्यासारखं गाव आहे, राहण्यासारखं नाही. दोन दिवसांच्या वर जो राहील त्याला वेड लागेल."

"मग?"

"मग शेजारच्या दुकानातून बुटाच्या नाड्या घेतल्या आणि घरी गेलो."

आत्याच्या हातातला लोकरीचा गुंडा घरंगळत गॅलरीच्या कठड्याशी गेला. ती आधी चिडली. "अहो, गिऱ्हाइकाशी बोललेलं वाक्य ते! मी रोज बोलते ते!"

"रोज बोलतेस म्हणून तर खरं वाटलं."

"पण मी आले होते का कधी इथे? मला काय कळतंय या गावातलं?"

"आली नव्हतीस हे मला ठाऊक होतं की," आतोबा म्हणाले. "न बघताच एवढ्या खात्रीने नको म्हणतेय, म्हणजे हिला मनापासून नको असणार, असं वाटलं. मग कशाला विचारायचं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या जुन्या इमारतीची लिफ्ट कुठे नादुरुस्त होती हे सांगावं तसं सांगत होते. आत्या म्हणते की, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. ती उठली, गुंडा उचलला, पुन्हा बसली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला यायचं होतं?"

"हं," आतोबा म्हणाले. हा 'हं' कोणालाही कळला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं तसंच होतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती. बस चौकात येऊन उभी होती, तिचं इंजिन ऐकू येत होतं, बस दिसत नव्हती. मालकीणबाई नवीन चादरी काखेत मारून जिन्यात आली.

"खोली मोकळी करताय ना? तुमच्या कंपनीची माणसं कधी रेंगाळत नाहीत हो. घड्याळ लावावं त्यांच्यावर."

आत्याने आतोबांकडे बघितलं. "काय करायचं?"

"तू सांग. तुला कळतं त्यातलं."

टोमणा होता की सरळ बोलणं, हे तिला अजूनही ठरवता आलेलं नाही. तिने बॅग उचलली, परत खोलीत नेली आणि पलंगावर आपटली. "चादरी राहू द्या," ती मालकीणबाईंना म्हणाली. "आम्ही राहतोय."

"किती दिवस?"

जन्मात पहिल्यांदा हा प्रश्न आत्याला कोणी तिच्या स्वतःबद्दल विचारत होतं. ती म्हणाली, "माहीत नाही."

मग कचेरीत फोन करणं आलं. धाकट्या साहेबांना तिने सांगितलं की धुक्यामुळे रस्ता बंद झालाय, बस सुटलेली नाही.

"ताई," साहेब म्हणाले, "ड्रायव्हरचा आत्ताच फोन आला होता. घाट उतरला तो."

"मग बस सुटली असेल," आत्या म्हणाली. "आम्ही नाही सुटलो."

"राहा हो, हरकत नाही. पण खाली कोणाला कळू देऊ नका. दोन रात्रींवर आपला सगळा धंदा उभा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं उठलं. कोणीतरी खालून चादर ओढून घ्यावी तसं काठापासून सुटत वर वर गेलं. दोघं गॅलरीत धावली. आत्याचा पहिला उद्गार मी तिच्याच शब्दांत देतो: "एवढंसंच?" तळं चित्रातल्यापेक्षा लहान होतं आणि निळं मुळीच नव्हतं. कच्च्या चिंचेसारखं हिरवं होतं. मग त्यामागची शिखरं उघडी पडली, एकामागून एक, आणि पाण्यात उलटी उतरली. आत्या गप्प झाली. पंचाईत अशी झाली की आतोबाही गप्प झाले. धुक्यात दोन दिवस नळासारखे वाहत होते, ते समोर बघायला मिळाल्याबरोबर बंद पडले. आत्याने दोनदा काही विचारलं, त्यांनी ऐकलंही नाही. ती मला म्हणाली, "एवढं सुंदर दिसत होतं, आणि मला वाटत होतं, पुन्हा जरा धुकं पडलं तर बरं."

संध्याकाळी रोपवे सुरू झाल्याचं कळलं तसे आतोबा चपला घालून निघालेच. खालच्या स्टेशनात आतोबांच्याच वयाचा एक माणूस चाकांवर तेल सोडत होता. रोपवे बसवल्यापासून तो तिथे होता. म्हणजे जी नोकरी आतोबांनी घेतली नाही, ती त्याने घेतली होती. आतोबांनी यंत्राकडे बघत दोन प्रश्न विचारले, त्यावरून त्याने ओळखलं की माणूस आपल्यातला आहे आणि त्यांना आत बोलावलं. तारेचं मोठं चाक माणसाहून उंच होतं. आतोबा त्याच्यासमोर उभे राहिले. आत्या सांगते, लेकीच्या लग्नातसुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"भाग्यवान आहात," आतोबा रोपवेवाल्याला म्हणाले. "रोज हे सगळं डोळ्यांपुढे."

रोपवेवाल्याने तेलाची बुधली खाली ठेवली. "कसलं भाग्य हो! पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला तो आजपर्यंत गेला नाही. तेच पाणी, तेच डोंगर, आणि वर जाणारा प्रत्येक माणूस मला सांगतो की मी भाग्यवान आहे. पोरं शिकत होती म्हणून राहिलो. आता गुडघे गेलेत, सोडतोय. मोसम संपेपर्यंत तरी कोणी सांभाळा म्हणून साहेब लोक माणूस शोधतायत."

आतोबा हसायला लागले. हसता हसता त्यांना चाकाच्या कठड्याचा आधार घ्यावा लागला, डोळ्यांतून पाणी आलं. रोपवेवाला बिचारा गोंधळला. आत्याला खरं तर बरं वाटायला हवं होतं. तिचं वाक्य अखेर खरं ठरलं होतं, तेही त्या गावात जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडून. पण तिला अजिबात बरं वाटलं नाही.

पुढचे चार-पाच दिवस आतोबा सकाळी न्याहारी करून स्टेशनात जायचे ते जेवायला यायचे, पुन्हा जायचे ते दिवेलागणीला. हातांना ग्रीसचा वास, तोंडाने गाण्याची गुणगुण. आत्या काठावरच्या बाकावर बसायची. तळं रोज सुंदर दिसायचं. सकाळी सुंदर, दुपारी सुंदर, ढग आले तरी सुंदर. चौथ्या-पाचव्या सुंदर दुपारी तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून कचेरीतल्या फोनचा विचार करतोय, तो कोण उचलत असेल, आणि गिऱ्हाइकांना भलतंसलतं काय सांगत असेल.

आतोबा येऊन तिच्याजवळ बसले. "मोसम संपेपर्यंत मला राहा म्हणतात. रोपवेवर."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही. तुला विचारतोय."

हो म्हणावं, मीही राहते म्हणावं, असं तिने मनात जुळवलंसुद्धा होतं. इतक्या वर्षांची भरपाई करायची ही संधी होती. पण तोंडातून भलतंच निघालं.

"तुम्ही राहा. मी जाते. अहो, मला खरंच कंटाळा आलाय."

एवढं बोलून ती शरमेने लाल झाली. आतोबा पाण्याकडे वळले. "बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे तेव्हा आलो असतो तर तुझे हालच झाले असते."

"झाले असते," आत्या म्हणाली. "पण तुम्ही विचारायला हवं होतं. मी हाल कबूल केले असते."

"तेच म्हणतो. म्हणून नाही विचारलं."

तिने त्यांच्या बाहीला लागलेलं ग्रीस रुमालाने पुसायचा प्रयत्न केला, ते आणखी पसरलं.

ती एकटी परत आली. कचेरीत बसून तिचं पहिल्यासारखं जमेना. गिऱ्हाइकाने किती दिवस राहावं असं विचारलं की ती उलट विचारायची, कोण कोण जाताय, घरी काय करता, एकमेकांशी बोलता का. माणसं बावचळायची. एका जोडप्याचं तर तिच्या टेबलासमोरच जुंपलं आणि ते कुठेच न जाता घरी गेले. शेवटी धाकट्या साहेबांनी एक पाटी रंगवून आणली, 'दोन रात्री, तीन दिवस', आणि तिच्या टेबलावर लोकांच्या बाजूला तोंड करून ठेवली. आत्याने नको म्हटलं नाही. ती पाटीच्या मागे बसून प्रश्न विचारतेच.

आतोबांचे रोज दिवेलागणीला फोन यायचे. रोपवेच्या पाळण्यात घाबरून खाली बसलेले पाहुणे, वर टोपी उडालेली बाई, तारेवर बसलेला गरुड. ते सांगत सुटायचे आणि आत्या फोन कानाला लावून भांडी विसळायची. पहिलं बर्फ पडलं, रोपवे बंद झाला, तसे ते परत आले. उन्हाने नाक सोललेलं, अंगाने उतरलेले, आणि तोंडाची टकळी चालू. आठवड्याभरात टकळी मंदावली.

पुढच्या मोसमाचं अजून नक्की नाही. आतोबा तिथे स्वयंपाकघर असलेली जागा शोधतायत. आत्या म्हणते, शनिवारी-रविवारी येईन, जमेल तेव्हा. सध्या घरात वाद आहे तो स्वयंपाकघराच्या खिडकीवरून. आतोबांना ती तळ्याच्या बाजूला हवी आहे. आत्याचं म्हणणं, ओट्याशी उभं राहायचं मला आहे, तर खिडकी रस्त्याकडे असलेली बघा, जाणारी-येणारी माणसं तरी दिसतील.